शेटलँडची लाकडी नाव कशी बांधतात: कण्यापासून नूस्टपर्यंत

कोकणातल्या बहुतेक लाकडी होड्यांमध्ये फळ्या कडेला कड भिडवून बसवतात आणि मधल्या फटीत कापूस ठासून भरतात. शेटलँडच्या नावेची रीत वेगळी आहे. तिथे वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर चढते, छपरावरच्या कौलांसारखी. ही चढलेली पट्टी तांब्याच्या रिव्हेटांनी घट्ट आवळतात. आधी नुसत्या फळ्यांचं कवच उभं राहतं आणि बरगड्या त्यात मागून बसतात. एवढ्या एका फरकामुळे लाकूड, हत्यारं, कामाचा क्रम, पुढची देखभाल, सगळंच बदलतं. सुतारकामाची बऱ्यापैकी सवय असलेल्या माणसाला चार वल्ह्यांची लहान नाव या पद्धतीने कशी बांधता येईल, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

या बेटांची थोडी ओळख आधी हवी, कारण नावेचा आकार तिथल्या किनाऱ्याने आणि तिथल्या गरिबीने ठरवलेला आहे. शेटलँड स्कॉटलंडच्या उत्तरेला, साधारण 60 अक्षांशावर आहे. 1469 साली ही बेटं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडून स्कॉटलंडकडे गहाण म्हणून गेली आणि तिकडेच राहिली, पण नावा नॉर्वेच्याच वळणाच्या राहिल्या. त्याचं कारण साधं होतं. बेटांवर नाव बांधण्याजोगी झाडंच नाहीत, आणि लरविक बंदरातून नॉर्वेतलं बर्गन जवळजवळ अबर्डीनइतक्याच अंतरावर आहे. कित्येक पिढ्या नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कारागीर नाव पूर्ण बांधत, मग ती सुटी करून फळ्यांचे गठ्ठे जहाजावर चढवत, आणि शेटलँडमध्ये ते भाग पुन्हा जोडले जात. एकोणिसाव्या शतकात आयात कमी होत गेली आणि स्थानिक सुतारांनी काम हाती घेतलं.

कोणती नाव बांधायची

तीन प्रकार माहीत असावेत. सिक्सरीन ही सहा वल्ह्यांची, सुमारे 30 फूट लांबीची, शिडाची नाव. ती खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी होती. योल ही अरुंद आणि हलकी. तिच्यात तीन माणसं प्रत्येकी दोन वल्ही मारत. दक्षिण टोकाला सम्बराजवळ भरती-ओहोटीचे जोरदार ओढे आहेत, तिथे सेथ नावाचे मासे पकडायला योल वापरत. आणि फोरारीन म्हणजे चार वल्ह्यांची, घरच्या खाडीत रोजची मासळी आणायची, पीट म्हणजे जळणाची माती वाहायची, मेंढ्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर न्यायची नाव. आपण फोरारीन धरून चालू, लांबी साधारण 16 फूट.

या तिन्ही नावा दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, मागची बाजूही सपाट कापलेली नसते. किनाऱ्याला लागताना मागून येणारी लाट सपाट पाठीवर आदळून नाव आडवी करते. निमुळत्या टोकावर ती दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. शिवाय या नावा हलक्या असायलाच हव्यात, कारण बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता आणि रोज संध्याकाळी नाव हाताने किनाऱ्यावर ओढावी लागे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर फळी जाड घेण्याचा, आणखी एक बरगडी मारण्याचा मोह होईल, तेव्हा ही गोष्ट आठवावी. जड केलेली शेटलँडची नाव लाटेवर चढत नाही, लाटेत घुसते.

लाकूड

फळ्यांसाठी लार्च, म्हणजे थंड प्रदेशातलं एक सूचिपर्णी झाड. स्कॉटलंडमध्ये नावेसाठी खास निवडलेला लार्च मिळतो: सरळ वाढलेला, लहान आणि जिवंत गाठींचा. मेलेली गाठ, म्हणजे जिच्याभोवती काळी कड दिसते ती, पुढे सुटून पडते आणि तिथे भोक राहतं. झाडाच्या बाहेरच्या अंगाचं फिकट, कोवळं लाकूड काढून टाकायचं. कुजायला तिथूनच सुरुवात होते. फळीची जाडी अर्धा इंच पुरते. लाकूड भट्टीत कडकडीत वाळवलेलं नको. अर्धवट वाळलेलं लाकूड चांगलं वाकतं आणि पाण्यात गेल्यावर बेताने फुगतं, तर पूर्ण सुकं लाकूड जास्त फुगून रिव्हेटांवर ताण आणतं.

कण्याला (तळाचं मधलं लांब लाकूड) आणि दोन्ही नाळांना (पुढच्या-मागच्या टोकांची वर वळणारी लाकडं) ओक घ्यावा. बरगड्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली लाकडं शोधायची, फांदी खोडाला जिथे फुटते तिथली. सरळ लाकडातून वाकडा तुकडा कापला तर रेषा आडव्या तुटतात आणि तो नेमका वळणावर मोडतो. या शोधाला वेळ लागतो, म्हणून कणा बसवण्याच्या आधीच बरगड्यांचं लाकूड गोळा करायला लागावं.

कणा आणि दोन नाळा

जमिनीवर भक्कम ठोकळे ठेवून त्यावर कणा बसवा. दोन्ही टोकांना नाळा तिरक्या, लांब सांध्याने जोडा. सांधा जितका लांब तितका ताण पसरतो. एका नाळेच्या माथ्यापासून दुसऱ्या नाळेच्या माथ्यापर्यंत दोरी ताणा आणि तिच्यावरून जागोजागी ओळंबा सोडा. ओळंब्याचं टोक सगळीकडे कण्याच्या मध्यरेषेवर पडलं पाहिजे. इथे पाव इंचाचा फरक राहिला तर नाव आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते, म्हणून दोन्ही नाळांना वरून छताला किंवा भिंतीला आडवे टेकू देऊन घट्ट धरून ठेवा.

आता कण्याच्या आणि नाळांच्या दोन्ही अंगांना फळीची कड बसेल अशी खाच पाडा. खाचेचा कोन मध्यभागी वेगळा, टोकाला वेगळा. फळीच्या जाडीचा लाकडी तुकडा हातात ठेवायचा आणि दर वीतभर अंतरावर तो बसवून बघत पटाशी चालवायची.

जुने कारागीर नकाशा वापरत नसत. पश्चिम नॉर्वेतले नाव बांधणारे ओळंबा लावलेली एक पाटी बाळगत, तिच्यावर प्रत्येक फळीचा कोन खुणेने नोंदलेला असे. पाटी फळीवर टेकवली की ओळंबा खुणेवर येतो का ते दिसे. बाकी सगळं नजरेने. नवख्याने नजरेच्या भरवशावर राहू नये. मधोमध एक आणि पुढे-मागे एकेक असे नावेच्या आडव्या छेदाचे तीन साचे साध्या प्लायवूडचे करून कण्यावर उभे करावेत. नावेत ते राहायचे नाहीत, फळ्यांना वळण देण्यापुरतेच हवेत.

पहिली फळी

संपूर्ण नावेतलं सगळ्यात अवघड काम इथे आहे. कण्याला लागून असलेली ही फळी मध्यभागी जवळजवळ आडवी पसरलेली असते आणि नाळेशी पोहोचेपर्यंत पिळत पिळत जवळजवळ उभी होते. एवढ्या लहान अंतरात एवढा पीळ थंड लाकूड घेत नाही. लांब लाकडी पेटी करून तिच्यात वाफ सोडा आणि फळी आत ठेवा. एक इंच जाडीला साधारण एक तास हा हिशेब चालतो, म्हणजे अर्ध्या इंचाच्या फळीला अर्धा तास. फळी बाहेर काढल्यावर वळवायला मिनिटभरच मिळतं. चाप आधीच उघडून, जागच्या जागी मांडून ठेवायचे, दोन माणसं हातमोजे घालून तयार, आणि कोण कुठलं टोक धरणार हे आधी ठरलेलं. फळी मधोमध पहिल्यांदा आवळा, मग टोकांकडे जा. टोकापासून सुरुवात केली तर पीळ मधे साठतो आणि फळी चिरते.

चापात ती रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी सोडल्यावर थोडी मागे उघडेल, पण वळण धरलेलं असेल. मग कड खाचेत तंतोतंत बसेपर्यंत रंधा मारायचा, बसवायचं, बघायचं, पुन्हा काढायचं. या फळीवर दोन-तीन दिवस गेले तरी ते वाया गेले असं समजू नये. हिची वरची कड जशी येईल तशीच पुढच्या सगळ्या फळ्यांची चाल ठरते.

बाकीच्या फळ्या

शेटलँडच्या नावांना फळ्या थोड्या आणि रुंद असतात. नॉर्वेतल्या ओसेल्वर जातीच्या लहान नावेला तर बाजूला तीनच फळ्या. फळ्या कमी म्हणजे सांधे कमी, रिव्हेट कमी, वजन कमी.

फळी चपटी दिसली तरी तिचा खरा आकार केळीच्या पानासारखा सोपा नसतो, त्याला दोन वळणं असतात. तो आकार मिळवायला साच्यांवर पातळ प्लायवूडची पट्टी सैल टेकवा. तिला जबरदस्तीने वरखाली वाकवायचं नाही. मग कंपास एकाच मापावर ठेवून खालच्या फळीवरच्या रेषेपासून दर सहा इंचांवर पट्टीवर खुणा करा. पट्टी खऱ्या फळीवर ठेवून त्याच मापाने खुणा उलट उतरवा, आणि त्या जोडणारी रेषा लवचीक कामटीने काढा. कामटी जिथे खुणेला सोडून जाते तिथे खूण चुकलेली असते, कामटीचं ऐकायचं.

कापलेली पहिली फळी हाच दुसऱ्या बाजूचा नमुना. डावी-उजवी जोडीनेच चढवा. एका बाजूला दोन फळ्या आणि दुसऱ्या बाजूला एकच असं झालं की कवच हळूहळू पिळतं, आणि ते उशिरा लक्षात येतं.

एका फळीवर दुसरी जेवढी चढते तो भाग पाऊण ते एक इंच रुंद ठेवा. खालच्या फळीच्या बाहेरच्या अंगाला तेवढ्या पट्टीवर रंधा मारून उतार द्या, म्हणजे वरची फळी योग्य कोनात पूर्ण टेकेल. उतार टोकाकडे बदलत जातो, म्हणून दर फूटभर अंतरावर लहान पट्टी टेकवून खालून उजेड दिसतो का पाहा. नाळेजवळच्या शेवटच्या फूट-दीड फुटात दोन्ही फळ्यांतून मिळून अशी खाच काढत जायची की शेवटी दोन्ही एकाच पातळीवर येऊन नाळेच्या खाचेत बसतील. जुन्या नावेजवळ उभे राहाल तेव्हा पहिल्यांदा हा शेवटचा फूटभर भाग पाहा. सुताराचा हात तिथे कळतो.

उत्तरेकडच्या जुन्या नावांत या सांध्यात डांबरात भिजवलेला लोकरीचा धागा घालत. तो आजही घालता येतो. कडक होणारा कुठलाही मसाला मात्र भरू नका. लाकूड पाण्यात फुगलं की मऊ धागा दबतो. कडक मसाला दबत नाही, मग रिव्हेट ताणले जातात किंवा फळीची कड उलते.

रिव्हेट मारणं

हे दोन माणसांचं काम. चौकोनी तांब्याचा खिळा, जाडीला अडीच ते तीन मिलीमीटर. भोक खिळ्याच्या बाजूएवढंच पाडायचं. मोठं झालं तर खिळा आत वाकडा होतो, लहान राहिलं तर फळी चिरते. बाहेरून खिळा ठोकला की आतून त्याच्या टोकावर तांब्याची छोटी, टोपीसारखी फुगीर चकती चढवतात. चकतीचं भोक खिळ्यापेक्षा जरा लहान असतं, म्हणून ती पोकळ पंचाने ठोकत फळीपर्यंत खाली न्यावी लागते. आता पक्कडीने उरलेला खिळा तोडायचा, चकतीच्या वर दीड-दोन मिलीमीटर ठेवून. बाहेरचा माणूस खिळ्याच्या माथ्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो आणि आतला गोल तोंडाच्या लहान हातोडीने ते टोक चहूबाजूंनी हलक्या हाताने पसरवतो.

हलक्या हाताने हे महत्त्वाचं. जोरात चार घाव घातले तर खिळा लाकडाच्या आतच गुडघ्यात मोडल्यासारखा वाकतो. वरून रिव्हेट सुबक दिसतो, पण आवळलेलं काहीच नसतं. बरोबर बसत असताना आवाज बदलतो: आधी पोकळ, मग भरीव. बाहेरच्या माणसाचा ठोकळा एक क्षण सुटला तरी तो आवाज बिघडतो आणि आतल्याला लगेच कळतं. रिव्हेटमधलं अंतर चार ते सहा इंच ठेवा, आणि जिथे बरगडी येणार तिथली जागा मोकळी सोडा. तिथला खिळा पुढे बरगडीतून जाईल.

बरगड्या आणि टाफ्ट

सगळ्या फळ्या चढल्यावर साचे काढायचे. काढण्याआधी वरच्या कडांमध्ये आडव्या पट्ट्या ठोका, नाहीतर कवच उघडून रुंद होईल. मग बरगड्या. शेटलँडमध्ये त्यांना बँड म्हणतात. प्रत्येक बँडची बाहेरची कड फळ्यांच्या पायऱ्यांप्रमाणे कापावी लागते, म्हणजे ती प्रत्येक फळीला टेकेल. व्हायकिंग काळापासूनच्या नॉर्स रीतीत बरगडी कण्याला ठोकत नाहीत. ती फळ्यांनाच बांधलेली असते. त्यामुळे लाटेवर नावेचं अंग थोडं वळतं आणि परत येतं. फोरारीनला असे मोजकेच बँड पुरतात, आणि त्यांच्यावरच टाफ्ट, म्हणजे बसायच्या आडव्या फळ्या टेकतात. तळाला पाय ठेवायला सुट्या फळ्या टाका. पाणी उपसायला आणि साफसफाईला त्या उचलता आल्या पाहिजेत.

सिक्सरीनमध्ये याच आडव्या रचनेतून नावेचे कप्पे पडत. एका कप्प्यात वजनाचे दगड, मागच्या एकात मासळी, अगदी मागे सुकाणूवाला, आणि एक कप्पा फक्त पाणी उपसण्यासाठी मोकळा. औस्केरी नावाच्या लाकडी उपसण्याने एक माणूस तिथून लाटेचं पाणी सतत बाहेर टाकत राही. या नावांना डेक नव्हता. अशा उघड्या नावांतून सहा-सहा माणसं किनाऱ्यापासून 40 मैलांपर्यंत लिंग आणि कॉड जातीचे मासे पकडायला जात आणि दोन-तीन दिवस बाहेर राहत. जुलै 1832 च्या वादळात 105 माणसं गेली. जुलै 1881 मध्ये, येल बेटावरच्या ग्लूप गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुर्घटनेत, दहा नावा बुडाल्या, 58 माणसं गेली. या दुर्घटनांचा दोष नावेला देणं मला मान्य नाही. जमीन जमीनदाराची, नाव बहुतेकदा त्याच्याच उधारीची, मासळी त्यालाच तो ठरवेल त्या दराने विकायची, आणि नकार दिला तर शेत जायचं. 1872 साली सरकारी चौकशी आयोगासमोर शेटलँडच्या माणसांनी ही उधारीची साखळी स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे. अशी उघडी नाव इतक्या दूर नेली गेली ती या दबावाखाली. तरीही एवढी वर्षं बहुतेक नावा परत येत राहिल्या, याचं श्रेय माणसांच्या कसबाइतकंच त्या लवचीक फळ्यांना आहे.

वल्ही

वल्ह्याला लोखंडी कडी लावू नका. वरच्या कडेवर लाकडी ठोकळा बसवून त्यात केब नावाची एकच उभी खुंटी ठोका आणि वल्हं तिला दोरीच्या किंवा कच्च्या चामड्याच्या कड्याने बांधा. या कड्याला हम्लीबँड म्हणतात. ओढताना वल्हं खुंटीला टेकतं, परत नेताना कडं त्याला धरून ठेवतं. जाळं किंवा दोरी ओढायला दोन्ही हात लागले की वल्हं सरळ सोडून द्यायचं; ते नावेच्या अंगाला लोंबत राहतं, वाहून जात नाही. कडं सैल झालं तर पिळून आवळता येतं आणि तुटलं तर समुद्रातच नवं करता येतं. वल्ह्याचा जो भाग खुंटीला घासतो तिथे कठीण लाकडाची पट्टी ठोका.

डांबर आणि पहिलं पाणी

पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर, जवसाचं तेल आणि थोडं टर्पेंटाइन. रस्त्यावरचं डांबर हे नव्हे. मिश्रण कोमट करून लावलं की लाकडात खोल जातं, पण भांडं थेट आगीवर ठेवू नका. उघड्यावर, गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून तापवा. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण मुरू द्या. बाहेरच्या बाजूला रंग द्यायची पद्धतही आहे, पण आतून तेल-डांबरच ठेवावं म्हणजे लाकूड श्वास घेतं आणि चीर लपत नाही.

पहिल्यांदा पाण्यात सोडलेली नाव गळणार. घाबरून सांधे भरायला बसू नका. उथळ, शांत पाण्यात बांधून ठेवा, उपसत राहा, आणि फळ्या फुगून सांधे मिटू द्या. काही दिवसांनंतरही एकाच जागेतून धार येत असेल तर तिथला रिव्हेट सैल आहे. नाव वर काढून तेवढाच बदला.

वर ओढणं आणि हिवाळा

किनाऱ्यावर ओढताना कण्याखाली आडवी, चरबी लावलेली लाकडं टाकतात, पूर्वी व्हेलच्या बरगड्याही टाकत. त्यांना लिन म्हणतात. नाव एका लिनवरून दुसऱ्यावर सरकते आणि मागे राहिलेलं पुढे आणून टाकायचं. नाव ठेवायची जागा म्हणजे नूस्ट: भरतीच्या रेषेच्या वर, जमिनीत नावेच्याच आकाराचा खणलेला, बहुधा दगडांनी बांधून काढलेला खळगा. शेटलँडच्या किनाऱ्यावर असे रिकामे नूस्ट आजही ठिकठिकाणी दिसतात. वारा नावेच्या वरून जातो, अंगाखाली शिरत नाही. तरी दोन्ही बाजूंना दगडांना दोर बांधावेच लागतात, कारण हिवाळ्यातलं वादळ हलकी नाव उचलून फेकतं.

नाव वर असताना तळाचं बूच उघडं ठेवा. पावसाचं गोडं पाणी साचून राहिलं तर समुद्राच्या पाण्यापेक्षा लवकर लाकूड कुजवतं. झाकण टाकलं तर दोन्ही टोकांना हवा खेळू द्या. वसंतात पहिल्यांदा कणा आणि पहिली फळी यांचा सांधा बघा, मग रिव्हेटांच्या चकत्या बोटाने दाबून पाहा. हलणारी चकती लगेच कळते. फळी बदलायची तर रिव्हेटचं टोक आतून घासून किंवा ड्रिलने उडवा आणि खिळा बाहेर ठोका. वरची फळी पाचर घालून उचकटायला गेलात तर धडक्या दोन फळ्या जातील.

प्रत्यक्ष बघायचं तर

उन्स्ट बेटावर हॅरल्ड्स्विक इथे फक्त नावांचं संग्रहालय आहे, उन्स्ट बोट हेवन. तिथे जायचं ते उन्हाळ्यात. लरविकच्या हेज डॉकवर शेटलँड म्युझियममध्ये खऱ्या नावा छताला टांगलेल्या आहेत, त्यामुळे खालून कणा आणि पहिल्या फळीचा पीळ नीट पाहता येतो. वायला मे नावाची सिक्सरीनची नवी प्रतिकृतीही त्याच म्युझियमची आहे. योलच्या वल्हवण्याच्या शर्यती उन्हाळ्यात बेटांवर होतात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हात घालून शिकायचं असेल तर सरळ वाट आहे. शेटलँडच्याच फेअर आयल बेटाच्या योलवरून नावांचे आराखडे करणारे इयन ऑट्रेड यांनी सेंट एल्स नावाची 22 फुटी, चार वल्ह्यांची नाव आखली. 2010 पासून स्कॉटलंडच्या कितीतरी किनारी गावांनी ती स्वतः, बहुतेक ठिकाणी पहिल्यांदाच हातोडी धरणाऱ्या माणसांनी बांधली आहे. तिच्यात लार्चऐवजी प्लायवूड आणि रिव्हेटांऐवजी गोंद आहे, म्हणून वाफेची पेटी आणि दोन माणसांची हातोडी तिथे शिकायला मिळणार नाही. पण फळीचा आकार उतरवणं, कडेला उतार देणं आणि नाळेजवळचा शेवटचा फूटभर, हे तिन्ही जसेच्या तसे आहेत. एक सेंट एल्स गटाबरोबर पूर्ण करा आणि मग लार्च विकत घ्या.